थांबण्याचे शास्त्र : घरी बांधलेल्या विमानाची चाके आणि ब्रेक



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान आणि हस्तव्यवसाय असे दोन्ही विषय शिकवीत. ‘हाताला जे कळले नाही ते डोक्याला पुरते कळले असे समजू नये’, ही त्यांची धारणा होती. आणि आपल्या भाषेत सांगता येत नाही असे शास्त्र नाही, हा त्यांचा आग्रह होता. महाराष्ट्राबाहेर, इंदूरसारख्या नगरीत, मराठी शाळा चालविणाऱ्यांना या आग्रहाचे मोल वेगळे सांगावयास नको. म्हणून आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने आज विमानाच्या चाकांवर बोलण्याचे ठरविले, तर त्यास धाडस न म्हणता ऋणनिर्देश म्हणावे.

विषय लहान आहे. स्वतःच्या घरी, स्वतःच्या हातांनी बांधलेल्या हलक्या विमानाला अधिक चांगली चाके आणि अधिक बळकट ब्रेक बसवावयाचे असतील तर नेमके काय करावे लागते, हा तो विषय. वरवर पाहता जुना भाग काढणे आणि नवा भाग जोडणे एवढेच हे काम. परंतु त्यात शिरले की ध्यानात येते, की ब्रेक सुधारणे हे एका भागाचे काम नसून साऱ्या विमानाचा पुन्हा एकदा विचार करणे आहे.

घरी बांधलेले विमान म्हणजे काय?

अमेरिकेत १९५३ साली मिलवॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी यांच्या पुढाकाराने हौशी विमानबांधकांची एक संघटना स्थापन झाली. विस्कॉन्सिन राज्यातील ऑशकॉश येथे दरवर्षी तिचा मोठा मेळावा भरतो. तेथील कायद्यात अशा विमानांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. विमानाचा अधिक भाग हौशी व्यक्तींनी स्वतः बांधलेला असावा आणि तो शिक्षणासाठी किंवा मनोरंजनासाठी बांधलेला असावा, ही त्यातील मुख्य अट. आपल्याकडेही असे वेड अगदी अपरिचित नाही. मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर वैमानिक अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले आणि २०१७ मध्ये त्याची रीतसर सरकारी नोंदणी झाली.

कारखान्यात बनलेल्या विमानात एखादा भाग बदलावयाचा तर त्यामागे उत्पादकाची चाचणी आणि शासनाची मान्यता उभी असते. घरी बांधलेल्या विमानात उत्पादक म्हणून ज्याचे नाव लागते तो बांधणारा स्वतःच असतो. अमेरिकेत त्याला आपल्याच विमानाच्या वार्षिक तपासणीचा परवानाही मिळू शकतो. हे स्वातंत्र्य मोठे आहे; पण वहीवर सही करणारा आणि त्या विमानात बसणारा माणूस एकच असतो, ही गोष्ट त्या स्वातंत्र्याला आपोआप लगाम घालते.

उदाहरणासाठी आपण एकच विमान घेऊ. बर्ट रुटान या अमेरिकन अभिकल्पकाचे ‘व्हेरीईझी’ हे छोटे विमान १९७५ मध्ये प्रथम उडाले आणि त्याच परंपरेतील ‘लाँग-ईझी’ १९७९ मध्ये. १९८६ मध्ये वाटेत कोठेही न उतरता आणि इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ‘व्हॉयेजर’ हेही त्यांचेच अभिकल्प. लाँग-ईझीचे अंग फेस आणि काचतंतू यांचे. काचतंतू इपॉक्सी राळेने जखडलेले. इंजिन पाठीमागे, पंखा मागून ढकलणारा. वैमानिक उतरला की वजन मागे पडते, म्हणून उभे करताना पुढचे चाक आत ओढून घेऊन नाक जमिनीवर टेकवितात. बसलेल्या उंटासारखे ते दिसते. मुख्य दोन चाके काचतंतूच्याच एका कमानदार पायाच्या टोकांना असतात. रुटान यांच्या कंपनीने नवे आराखडे विकणे १९८५ मध्ये थांबविले. परंतु जगभर बांधली गेलेली ही विमाने आजही उडत आहेत, आणि त्यांत कालमानाप्रमाणे करावयाच्या सुधारणा त्यांच्या मालकांच्याच विवेकावर आहेत.

या विमानाचे एक वैशिष्ट्य आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. त्याचे पुढचे चाक खुर्चीच्या चाकासारखे मोकळे फिरते. त्याला सुकाणू नाही. जमिनीवर सावकाश चालताना वळावयाचे असेल तर ज्या बाजूला वळावयाचे त्या बाजूचा ब्रेक दाबावा लागतो. वैमानिकाचे पायटे प्रथम त्या बाजूचे उभे सुकाणू बाहेर वळवितात, आणि आणखी दाबले की ब्रेक लावतात. म्हणजे ब्रेक हे येथे थांबण्याचेच नव्हे, तर दिशा राखण्याचेही साधन आहे. ब्रेक गेला तर विमान थांबणार नाही एवढेच नव्हे, ते सरळही राहणार नाही.

वेग जातो कोठे?

आपल्या भाषेत चाकाचे शब्द बैलगाडीपासून आलेले आहेत. तुंबा, आरे, धाव, आस, वंगण. परंतु त्या समृद्ध शब्दसंचात थांबविण्याच्या साधनाला तेवढे मानाचे स्थान नाही, कारण गाडी थांबविण्याचे काम बहुतांशी बैलच करीत. ‘खीळ बसणे’ हा वाक्प्रचारही आपण तक्रारीच्या सुरातच वापरतो. विमानापुढे बैल नाहीत. त्याला स्वतःच थांबावे लागते.

शाळेत आपण शिकलो, की गतिज ऊर्जा ही वस्तुमानाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लाँग-ईझीचे मूळ आराखड्यातील कमाल वजन १३२५ पौंड, म्हणजे सुमारे ६०० किलोग्रॅम. असे विमान ६० नॉट वेगाने, म्हणजे ताशी सुमारे १११ किलोमीटरने, धावपट्टीवर धावत आहे असे समजू. त्याची गतिज ऊर्जा सुमारे २ लाख ८६ हजार जूल भरते. एवढ्या ऊर्जेने ३० अंश सेल्सिअसचे एक लिटर पाणी जवळजवळ उकळीस येईल. पाण्याच्या भांड्याशी तुलना केली तर हा आकडा घरगुती वाटतो. परंतु ही उष्णता पाण्यात जात नाही. ती दोन पातळ पोलादी चकत्यांत, काही सेकंदांत, उतरते.

ब्रेक वेग नाहीसा करीत नाही. तो वेगाची उष्णता करतो. हे एक वाक्य पक्के ध्यानात ठेवले तर पुढचे सारे आपोआप उलगडते. प्रत्येक चाकाच्या वाट्याला १ लाख ४३ हजार जूल आले आणि चकती एक किलो पोलादाची असली, तर तिचे तापमान सुमारे ३०० अंशांनी वाढेल. चकती दोन किलोची असली तर वाढ निम्मी, म्हणजे सुमारे १५० अंश. प्रत्यक्षात हवेचा विरोध आणि चाकांचे घर्षण यांत काही ऊर्जा खर्च होते, त्यामुळे आकडे थोडे खाली येतात. पण हिशेबाची दिशा हीच राहते. आता तेच विमान ६० ऐवजी ७० नॉटने टेकले तर? वेग सुमारे १७ टक्क्यांनी वाढला. ऊर्जा मात्र ३६ टक्क्यांनी वाढते. वजन दहा टक्के वाढले तर ऊर्जा दहाच टक्के वाढते. ब्रेकच्या दृष्टीने वेग हा वजनापेक्षा पुष्कळच महाग पडतो.

ब्रेक बदलण्याची गरज का निर्माण होते, तेही येथे कळते. मूळ आराखडा हलक्या इंजिनासाठी असतो. पुढे मालक अधिक शक्तीचे, अधिक जड इंजिन बसवितो, उपकरणे वाढतात, रंगाचा थर चढतो. विमान वाढत्या वयाच्या माणसासारखे सावकाश जड होत जाते, आणि पायातली जोडी मात्र जुनीच राहते.

पकड आणि सोस

‘बळकट ब्रेक’ या शब्दप्रयोगात दोन भिन्न गुण लपलेले आहेत. एक पकड, म्हणजे चकतीला आवळण्याचे बळ. दुसरा सोस, म्हणजे निर्माण झालेली उष्णता साठविण्याची आणि बाहेर टाकण्याची क्षमता. पुष्कळांची गल्लत येथेच होते.

चाक आणि धावपट्टी यांच्यामध्ये जेवढे घर्षण शक्य आहे त्याहून अधिक थांबविण्याचे बळ कोणताही ब्रेक देऊ शकत नाही. जुना ब्रेक जर चाक जखडून टाकू शकत असेल, तर नवा दुप्पट पकडीचा ब्रेक विमान अधिक लवकर थांबविणार नाही. चाक केवळ अधिक सहजपणे जखडेल, टायर एका जागी घासून सपाट होईल आणि कदाचित फुटेल. नुकतेच टेकलेले विमान तर अर्धेअधिक पंखांवरच तरंगत असते. चाकांवर भार नसतो, आणि भार नाही तेथे घर्षण नाही. त्यामुळे टेकताक्षणी दाबलेला ब्रेक, तो कितीही महाग असो, रबर घासण्यापलीकडे फारसे काही करीत नाही. ज्या विमानांचे छोटे चाक शेपटाखाली असते, त्यांत तर अतिरिक्त पकडीने शेपूट उचलले जाऊन विमान नाकावर येऊ शकते. म्हणून बहुतेक वेळा खरी गरज अधिक पकडीची नसून अधिक सोसाची असते : जाड चकती, मोठे लायनर, वाऱ्याला वाट.

यात सावकाश होणाऱ्या तापाचा हिशेब विसरला जातो. बाजूने वारा वाहत आहे आणि मोकळ्या नाकचाकाचे विमान सरळ ठेवण्यासाठी वैमानिकाने एका बाजूचा ब्रेक हलकेच दाबून ठेवला आहे असे समजा. त्या चाकावर २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलो वजनाएवढा, रोध आहे आणि विमान एक किलोमीटर चालले. त्या एका चाकात २ लाख जूल उष्णता निर्माण झाली. मघाशी पाहिलेल्या उतरण्याच्या प्रसंगी एका चाकाच्या वाट्याला आलेल्या उष्णतेहून ही अधिक आहे! काही उष्णता वाटेत हवेत जाते हे खरे. पण विमान अजून उडालेलेही नसते. अशा तापलेल्या ब्रेकनिशी उड्डाणाची धाव घेतली आणि काही कारणाने ती मध्येच सोडावी लागली, तर दुसरा ताप पहिल्यावर चढतो. कारखान्यात बनणाऱ्या सिरस विमानांचेही नाकचाक असेच मोकळे असते. त्यांच्या ब्रेकवर तापमान दाखविणाऱ्या पट्ट्या लावण्याची वेळ आली ती उगाच नव्हे.

शेजाऱ्याचे दुखणे

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एक भाग बळकट केला की त्याच्या शेजारचा भाग सर्वांत दुबळा ठरतो. लाँग-ईझीत ब्रेकचा शेजारी आहे काचतंतूचा पाय. घरी, नेहमीच्या तापमानाला घट्ट झालेली इपॉक्सी राळ साधारणपणे ७० ते ९० अंशांच्या सुमारास मऊ होऊ लागते. चकती मात्र त्याच्या कितीतरी वर तापते. चकतीतील उष्णता विमान थांबल्यावरही आसावाटे आणि किरणांवाटे पायाकडे सरकत राहते. कित्येकदा पायाचे तापमान विमान उभे राहिल्यानंतर काही मिनिटांनी कळसास पोहोचते. वैमानिक निर्धास्तपणे उतरून चहाला गेलेला असतो आणि इकडे पाय भाराखाली सावकाश वाकत असतो. म्हणून जाणते बांधक पाय आणि चकती यांच्यामध्ये धातूचा पडदा व उष्णतारोधक थर घालतात. नवा ब्रेक बसविताना हा पडदा पुन्हा नव्या मापाने करावा लागतो. चाकांवर हवेसाठी घडविलेली झाकणे असतील तर ती वेग वाढवितात खरी, पण ब्रेकचा वाराही अडवितात; तेव्हा त्यांना वाट ठेवणे आले.

दुसरा शेजारी ब्रेकमधील तेल. येथे पास्कलचा नियम कामाला येतो. पायट्याखालील लहान सिलिंडरातील दाब नळीवाटे चाकाजवळच्या मोठ्या दट्ट्यावर जातो आणि दट्ट्याचे क्षेत्रफळ जितके मोठे तितके बळ अधिक मिळते. परंतु निसर्ग काहीही फुकट देत नाही. दट्ट्याचे क्षेत्रफळ दुप्पट केले तर त्याला तेवढेच सरकविण्यास दुप्पट तेल लागते, आणि ते तेल पुरविण्यासाठी पायटा दुप्पट दाबावा लागतो. जुनाच लहान सिलिंडर ठेवून खाली दुप्पट दट्ट्यांचा ब्रेक बसविला, तर पकड येण्यापूर्वीच पायटा शेवटास टेकण्याची भीती असते. नळ्यांचेही तसेच. या विमानांत मुळात नायलॉनची नळी वापरली जाई. तापलेल्या ब्रेकजवळ ती टिकाव धरीत नाही, म्हणून निदान शेवटचा भाग तरी पोलादी जाळीच्या नळीचा करणे शहाणपणाचे.

तेलाची जात हाही जीवनमरणाचा प्रश्न आहे. विमानातील लाल रंगाचे तेल खनिज असते आणि त्यासाठी नायट्राइल रबराची सीले वापरतात. मोटारीतील नेहमीचे ब्रेकतेल ग्लायकॉलचे असते आणि त्याची सीले वेगळ्या रबराची. एकाच्या घरात दुसरे ओतले तर सीले फुगतात किंवा झिजतात आणि तेल झिरपते. तापलेल्या चकतीवर झिरपलेले खनिज तेल पेट घेऊ शकते. म्हणूनच अधिक उष्णता सोसणारी सीले आणि अधिक तापमानास पेटणारे विमानतेल यांचा विचार नव्या ब्रेकबरोबरच केला पाहिजे.

हाताचे काम

आता प्रत्यक्ष कृती. हलक्या विमानाचे चाक बहुधा दोन अर्धुकांचे असते व ती बोल्टांनी जोडलेली असतात. चाक उघडण्यापूर्वी टायरमधील हवा पूर्णपणे, व्हॉल्वची सुई काढून, सोडली पाहिजे. हवा भरलेली असताना बोल्ट सैल केले तर अर्धुके तोफगोळ्यासारखी सुटतात. जोडताना प्रत्येक बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या मापानेच, टॉर्क पान्याने, आवळावा. बेअरिंगे धुऊन, तपासून, नव्या वंगणाने भरावीत. मात्र ब्रेकचा भाग ज्या खुंट्यांवर सरकतो त्यांना ओले ग्रीस लावू नये. त्यावर धूळ बसून ब्रेक अडकतो आणि सुटत नाही. न सुटणारा ब्रेक न लागणाऱ्या ब्रेकइतकाच वाईट.

तेल भरताना ते खालून, चाकाकडून वर चढवावे, म्हणजे हवेचे बुडबुडे आपल्या स्वभावानुसार वर निघून जातात. नळीत राहिलेली हवा दबते आणि पायटा गादीसारखा लागतो. नवी लायनरे बसविली की लगेच उडू नये. ती आधी ‘रुळवावी’ लागतात. क्लीव्हलँड ब्रेकच्या सेंद्रिय लायनरांसाठी सांगितलेली रीत अशी : इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, ताशी ५ ते १० मैल वेगाने सुमारे १५०० फूट चालावे, मग १० ते १५ मिनिटे निवू द्यावे, आणि नंतर इंजिनाच्या जोरापुढे ब्रेक धरतो की नाही ते पाहावे. धातूच्या लायनरांसाठी ३० ते ३५ नॉटवरून लागोपाठ दोनदा पूर्ण थांबावे लागते. या उष्णतेने लायनराच्या पृष्ठावर एक एकसारखा थर तयार होतो. तो नसेल तर उत्तम ब्रेकही निसरडा वागतो. मातीचे नवे भांडे वापरण्यापूर्वी भिजवून, तापवून तयार करणाऱ्या गृहिणीला यात काही नवे वाटणार नाही.

यानंतर विमान पुन्हा तोलावे, गुरुत्वमध्य नव्याने मांडावा आणि केलेला बदल नोंदवहीत सविस्तर लिहावा. चाचणी पायरीपायरीने करावी : प्रथम चालण्याच्या वेगाने, मग थोड्या धावेने. तापमानदर्शक पट्टी ब्रेकवर लावावी तशी पायावरही लावावी, कारण आपल्याला खरे उत्तर शेजाऱ्याकडूनच हवे आहे.

उपसंहार

मित्रहो, एवढे सारे झाल्यावर एक मोह उरतोच. नवा ब्रेक चांगला आहे, तेव्हा आता आखूड धावपट्टीवर उतरता येईल, थोडे वेगाने आले तरी चालेल, असे मन सांगू लागते. सुधारणेने मिळालेली सुरक्षितता अशा रीतीने आपण आधीच खर्चून टाकतो. मघाचा हिशेब पुन्हा आठवावा : दहा नॉट जास्त वेगाने आलेला वैमानिक ३६ टक्के अधिक उष्णता घेऊन येतो. कोणताही ब्रेक विकत घेतल्याने जेवढा लाभ होईल, तेवढा योग्य वेगाने, योग्य जागी टेकण्याच्या सवयीने फुकट मिळतो. चांगला ब्रेक हा त्या सवयीच्या जोडीला असावा, तिच्या जागी नसावा.

आज बाजारात प्रत्येक दुबळेपणावर एक तयार भाग मिळतो. आमच्या गुरुवर्यांची शिकवण अशी, की भाग विकत मिळतो, पण त्याचे शेजारी कोण आहेत याची जाण विकत मिळत नाही. ती हाताने काम करून, हिशेब मांडून आणि प्रश्न विचारूनच येते. बांधणाऱ्याच्या पाठीमागच्या आसनावर पुष्कळदा त्याची पत्नी किंवा मुलगी बसलेली असते. तिने पायट्याखालील सिलिंडर पाहिलेला नसतो, सीलांच्या रबराची जात तिला ठाऊक नसते. तिचा विश्वास केवळ समोरच्या माणसावर असतो. नोंदवहीतील सहीला अर्थ येतो तो या विश्वासामुळे, आणि शाळेने विद्यार्थ्याला द्यावयाचे शिक्षण तरी याहून निराळे काय असते?